जहाजातली खोली मधली घ्या, आणि खिडकी सासूबाईंना द्या

वाचकाचं पत्र:

"ताई, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदाच क्रूझला जातोय. मुंबई-लक्षद्वीप-मुंबई, ४ रात्री, एम्प्रेस जहाज. मी, माझे मिस्टर, १२ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मला गाडी लागते, चिखलदऱ्याच्या घाटात दर वेळी गाडी थांबवावी लागते. एजंट म्हणतो, आजींना आतली बिनखिडकीची खोली द्या, नाहीतरी त्या झोपूनच राहतील. मिस्टरांना अगदी पुढची, सगळ्यात वरची बाल्कनी हवी आहे. दीर म्हणतात, 'गॅरंटी'वाली खोली घ्या, स्वस्तात पडते, खोल्या सगळ्या सारख्याच. मी जहाजाचा नकाशा उघडून बसते आणि काहीच कळत नाही. सासूबाईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्या रोज विचारतात, खिडकीतून काय दिसेल गं? कुठली खोली घेऊ?"
— म., त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मग. दोन खोल्या घ्या. दोन्ही जहाजाच्या लांबीच्या मधोमध, आणि शक्यतो अशा मजल्यावर की ज्याच्या वरही खोल्याच आहेत आणि खालीही खोल्याच. एक खोली खिडकीची. तिच्यात तुम्ही आणि सासूबाई. दुसरी तिच्या समोरची, पॅसेजच्या पलीकडची, बिनखिडकीची. तिच्यात मिस्टर आणि मुलगा. बाल्कनी या वेळी राहू द्या. 'गॅरंटी'ला हात लावू नका. आणि एजंटानं सासूबाईंबद्दल जे म्हटलं ते वाचून मला वाईट वाटलं, त्यावर शेवटी बोलते.

तुम्हाला चिखलदऱ्याचा घाट माहीत आहे, त्यामुळे जहाज कसं हलतं ते समजायला वेळ लागणार नाही. परतवाड्याहून वर चढणारी एसटी आठवा. शेवटच्या सीटवर बसलेला माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो, आणि दोन चाकांच्या मधल्या सीटवरचा माणूस डुलकी काढत असतो. रस्ता दोघांचा एकच. जहाजाचंही तसंच आहे. समोरून लाट आली की पुढचं टोक, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, ते वर उचललं जातं आणि मागची बाजू खाली जाते. लाट सरकली की उलट. बागेतल्या सी-सॉवर दोन्ही टोकांची पोरं वरखाली होतात आणि मधल्या खांबाशी उभं राहिलेलं पोर जागचं हलत नाही. तुमची खोली त्या खांबाशी हवी.

दुसरं हलणं आडवं, या कुशीवरून त्या कुशीवर. हे जितकं उंच जावं तितकं जास्त जाणवतं, ताडाच्या झाडाचा शेंडा बुंध्यापेक्षा जास्त हलतो तसं. म्हणजे मिस्टरांनी निवडलेली जागा, अगदी पुढची आणि अगदी वरची, ही दोन्ही बाजूंनी सगळ्यात जास्त हलणारी जागा आहे. ज्यांना कधीच काही लागत नाही त्यांनी खुशाल घ्यावी. तुम्ही घेऊ नका.

यातली एक बारीक गोष्ट एजंटसुद्धा सहसा सांगत नाहीत. बहुतेक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. समुद्र हलू लागला की ते बाहेर काढतात आणि आडवं डोलणं बरंच कमी होतं. पण पुढून-मागून होणाऱ्या वरखालीवर या पंखांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून मजला वरचा की खालचा, यापेक्षा खोली पुढे आहे, मागे आहे की मध्ये, याला जास्त महत्त्व द्या. लोक उलटं करतात. मीही केलं होतं.

मी पहिल्यांदा जहाजावर गेले ती आईला घेऊन. बुकिंगच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं की खालचा मजला घे, कमी हलतो. मी खालचा मजला घेतला आणि त्या मजल्यावर खोली नेमकी कुठे आहे ते बघितलंच नाही. ती निघाली अगदी नाळेशी, पॅसेजचं शेवटचं दार. पहिल्या रात्री जेवून आलो तेव्हा सगळं ठीक होतं. अकराच्या सुमारास जहाज उघड्या समुद्रात आलं आणि कपाटातले हँगर वाजायला लागले. टिक, टिक, थोडं थांबून पुन्हा टिक. पलंग एका बाजूनं उचलला जायचा, वर क्षणभर थबकायचा, आणि पोटात खड्डा पडावा तसा खाली बसायचा. समुद्र काही खवळलेला नव्हता. हवा घ्यायला म्हणून मी मधल्या जिन्यापाशी गेले, तर तिथे एक गृहस्थ कॉफीनं भरलेला कप घेऊन निवांत चालले होते. तेच जहाज, तीच लाट, शंभरेक पावलांचं अंतर. परत येऊन मी सगळे हँगर काढून गादीवर ठेवले आणि आईच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला. साडेपाचला जहाज एका बेटाजवळ थांबलं आणि आमच्या उशाशीच नांगराची साखळी सुटली. लोखंडी सळ्यांचा ट्रक दारात रिकामा करावा तसा आवाज. आई ताडकन उठून बसली, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली आणि म्हणाली, "कशाला तरी धडकलं गं." तिला शांत करायला अर्धा तास लागला. त्या बेटावर ती उतरलीच नाही. तो दिवस मला अजून डाचतो, कारण चार दिवस आधी दहा मिनिटं नकाशा बघितला असता तर तो टळला असता.

म्हणून तुम्ही नकाशा बघताय याचा मला आनंद आहे. तो कसा बघायचा ते सांगते.

खोलीच्या क्रमांकाचा पहिला आकडा बहुधा मजल्याचा असतो. आधी तो मजला उघडा. जहाजाचं टोकदार तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघा, म्हणजे पुढे कुठलं आणि मागे कुठलं ते कळेल. लांबीचे तीन भाग करा आणि मधल्या भागाच्या बाहेर बघूच नका. मग खोलीवर बोट ठेवून वरच्या मजल्याचा नकाशा उघडा आणि त्याच जागी काय आहे ते बघा. नंतर खालच्या मजल्याचा. याच कामात लोक आळस करतात, आणि झोप इथेच जाते. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा मोठा हॉल असेल तर पहाटे लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढल्याचा आवाज थेट तुमच्या छतावर येतो. जहाजावर सफाई पहाटेच होते, प्रवासी उठायच्या आत. खाली नाटकाचं सभागृह किंवा नाचगाण्याची जागा असेल तर रात्री एक वाजेपर्यंत ढोल तुमच्या गादीखाली. वर खोल्या आणि खाली खोल्या, म्हणजे वरही माणसं झोपलेली आणि खालीही झोपलेली. यापेक्षा शांत जागा जहाजावर नसते.

नकाशात काही ठिकाणी नुसती कोरी जागा दिसेल, नाव नाही, क्रमांक नाही. ती रिकामी नसते. तिथे स्वयंपाकघर, कपड्यांचं कोठार, कर्मचाऱ्यांचा जिना असं काही असतं, आणि तिथे रात्रंदिवस ट्रॉल्या फिरतात. त्या कोऱ्या जागेला लागून खोली घेऊ नका. अगदी मागच्या टोकाच्या खोल्याही नकोत. तिथे इंजिनाची थरथर असते आणि धक्क्याला लागताना ती वाढते. ज्यांना मागच्या फेसाळ पाण्याचा लांब पट्टा बघत बसायची हौस आहे ते या खोल्या मुद्दाम घेतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. तुमची गरज वेगळी.

काही खोल्यांच्या मध्ये दार असतं आणि नकाशात तशी खूण असते. शेजारची खोली तुमचीच असेल तर हे दार म्हणजे सोय. शेजारी अनोळखी कुटुंब असेल तर त्या दारातून त्यांचा टीव्ही, त्यांचं भांडण, त्यांच्या बाळाचं रडणं, सगळं ऐकू येतं. म्हणून एकतर अशा जोडखोल्या दोन्ही तुम्हीच घ्या, नाहीतर त्या टाळा.

आता सासूबाईंचे गुडघे. जहाज बाहेरून जेवढं दिसतं त्याहून आत चालायला लांब असतं. एम्प्रेस १९९० सालचं जहाज, आजच्या मानानं मध्यम आकाराचं, पण त्याचीही लांबी २०० मीटरच्या वर आहे. पुढच्या टोकाच्या खोलीतून मागच्या टोकाला जेवायला जायचं म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गर्दीच्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यासारखं, आणि तेही पायाखालची जमीन किंचित हलत असताना. दिवसातून तीन वेळा जेवण आणि दोन वेळा चहा धरला तर गणित तुम्हीच करा. मध्यावरच्या खोलीला इथेही फायदा आहे, कारण लिफ्ट आणि मोठे जिने साधारण तिथेच असतात. फक्त लिफ्टच्या अगदी समोरचं दार नको. रात्री उशिरापर्यंत तिथे लोक गप्पा मारत उभे असतात. लिफ्टपासून पाच-सात दारं आत, ही अंतराची माझी पसंती.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही, ती मी सांगते. अनेक जहाजांत खोलीतल्या बाथरूमला उंबरठा असतो, आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराला असायचा तसा, चांगला चार-सहा इंच उंच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून. दिवसा तो दिसतो. रात्री दोनला, झोपेत, दुखऱ्या गुडघ्यांनिशी आणि हलत्या जहाजात तो दिसत नाही, आणि पाय तिथेच अडतो. बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही इतका अंधार होतो. अशा खोलीत सासूबाईंना ठेवायचं नाही, हे माझं पहिलं कारण. खिडकीच्या खोलीतही रात्रभर बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि दार बोटभर उघडं ठेवा. पोचल्या पोचल्या दिवसाउजेडी सासूबाईंचा हात धरून पलंग ते बाथरूम दोन वेळा चालवून आणा. उंबरठ्यावर चिकटवायला पांढरी पट्टी घरूनच न्या. व्हीलचेअरवाल्यांसाठी काही खोल्या सपाट दाराच्या असतात, पण त्या मोजक्याच असतात आणि ज्यांना खरंच चाकांची खुर्ची लागते त्यांच्यासाठी त्या राहू द्याव्यात असं मला वाटतं.

चौघांनी एकाच खोलीत राहायचा मोह होईल, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी लावतात. पण ते तिसरे-चौथे पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडणारे असतात, आपल्या स्लीपर डब्यातल्या वरच्या बर्थसारखे, शिडीनं चढायचे. त्यातला एक मुलाला आवडेल. दुसऱ्यावर कोण चढणार? आणि चौघांत एक बाथरूम, त्यात एकीला रात्री तीनदा उठायचं. पैसे वाचतील आणि कुणाचीच झोप होणार नाही.

लिफ्ट जवळ हवी, तसा जिनाही जवळ हवा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं, तेव्हा बऱ्याच नव्या प्रवाशांना कुठे जमायचं हेही माहीत नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच सगळ्या प्रवाशांची कवायत घ्यावीच लागते. त्या वेळी सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे माझ्या आईसारख्या दचकणार नाहीत. आणि तिथेच कर्मचाऱ्यांना सांगा की यांना जिना चढायला त्रास होतो. ते नोंद करून ठेवतात. खोली ठरवतानाही जमण्याची जागा कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा. तिच्यापासून एक-दोन मजल्यांच्या आत राहिलात तर मनाला स्वस्थता.

मिस्टरांच्या बाल्कनीबद्दल. त्यांची हौस मला समजते. पण एम्प्रेससारख्या जुन्या जहाजात बाल्कनीच्या खोल्या थोड्याच असतात, त्यांचं भाडं खिडकीच्या खोलीहून बरंच चढं असतं, आणि खिडकी व बिनखिडकी यांतला फरक त्या मानानं कमी असतो. बाल्कनीच्या पैशांत तुमच्या दोन खोल्यांतला बराचसा भार उचलला जाईल. नाळेच्या बाजूला तोंड असलेल्या खोल्यांना आणखी एक अडचण आहे: बऱ्याच जहाजांत तिथे रात्री पडदे ओढून घ्यायला सांगतात, कारण खोलीतल्या उजेडानं जहाज चालवणाऱ्यांना समोरचा अंधार नीट दिसत नाही. त्यांना पुढचा समुद्र बघायचाच असेल तर पहाटे वरच्या मोकळ्या डेकवर जावं. तिथे भाडं लागत नाही, आणि त्या वेळी गर्दीही नसते. मुलाला घेऊन जावं. बिनखिडकीच्या खोलीत उजाडलेलं कळत नाही, तेव्हा गजर लावून झोपा असं दोघांना सांगा.

खिडकीची खोली घेताना 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' असं कुठे लिहिलंय का ते बघा. त्या खिडकीबाहेर जीवरक्षक बोट टांगलेली असते आणि दिवसभर तिचा नारिंगी पत्रा बघावा लागतो. स्वस्त असते म्हणून एजंट आवर्जून सुचवतात. तुमच्या घरी ज्यांना समुद्र बघायचाय त्यांच्यासाठी ती नको. आणि जहाजाची खिडकी उघडत नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा. हवा यंत्रातूनच येते, तेव्हा त्यांची शाल हाताशी ठेवा.

दिरांना माझा नमस्कार सांगा, पण 'गॅरंटी' शब्दानं फसू नका. गॅरंटी एवढीच की त्या प्रकारची एक खोली मिळेल. कुठली, ते कंपनी ठरवते, आणि स्वाभाविकच ज्या खोल्या कोणी निवडल्या नाहीत त्या उरतात. एकटा तरुण मुलगा असता तर मी म्हटलं असतं घे बिनधास्त. तुमच्या दोन खोल्या मात्र एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला अशा येऊ शकतात. मग रात्री सासूबाईंना काही झालं तर मिस्टरांना बोलवायला कोण जाणार? एजंटाला फोनवर नव्हे, लिहून कळवा: "दोन्ही खोल्यांचे क्रमांक बुकिंगच्या वेळीच हवेत, दोन्ही मधल्या भागात आणि समोरासमोर. क्रमांक बदलायचा असेल तर आधी आम्हाला विचारा." शेवटचं वाक्य विसरू नका. निघायच्या आठवडाभर आधी फोन येतो, ताई, तुम्हाला फुकटात वरची खोली देतोय. आनंदानं हो म्हणण्याआधी क्रमांक विचारा, नकाशा उघडा, वर-खाली बघा. पुढच्या टोकाची असेल तर नको म्हणा, फुकट असली तरी.

तुमच्या पोटाबद्दल तुम्ही जेवढं घाबरलाय तेवढं घाबरू नका. गाडी लागते त्याला बोट लागतेच असं नाही. घाटात वळणं झटक्याझटक्यानं येतात, मोठं जहाज संथ हलतं. शिवाय पावसाळा सरल्यावर अरबी समुद्र शांत होतो, आणि डिसेंबर-जानेवारी हे त्यातले चांगले महिने. वादळ येतच नाही असं मी म्हणणार नाही. २०१७ साली ओखी वादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच लक्षद्वीपवरून गेलं होतं. पण वादळाची सूचना काही दिवस आधी मिळते आणि अशा वेळी जहाजाचा मार्ग बदलतात. मळमळीची गोळी ही मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कुठली घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत तो उंबरठा ओलांडायचाय. काचबिंदू असेल किंवा लघवीचा त्रास असेल तर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत.

रिकाम्या पोटी राहू नका. मुरमुरे, कोरडी पोळी, सुंठ किंवा आलेपाक पर्समध्ये ठेवा. मळमळू लागलं की खोलीत पडून मोबाइल बघत बसू नका. कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात स्थिर आहे, या भांडणातूनच उमासे येतात. खिडकीतून किंवा मधल्या डेकवरून दूर पाणी आणि आकाश मिळतं त्या रेघेवर नजर ठेवा. खिडकीच्या खोलीत तुम्हालाही ठेवलंय ते म्हणूनच.

आणि समृद्धी महामार्गानं रात्रभर गाडी चालवून त्याच दिवशी जहाजावर चढायचा बेत असेल तर तो रद्द करा. ७०१ किलोमीटर, वर मुंबईची गर्दी, अपुरी झोप, त्यावर लगेच समुद्र. ज्याला काही लागत नाही त्यालाही लागेल. आदल्या दिवशी पोचा. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि तिथून जहाज सुटतं तो धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं अगदी जवळ आहे, पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. एक रात्र मुंबईत काढा.

लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही. लांब उभं राहतं आणि लहान बोटीतून बेटावर नेतात. खोलीशी याचा संबंध नाही, गुडघ्यांशी आहे. बोटीत पाय टाकताना दोन्ही बाजूंनी हात धरणारे असतात, तरी त्या दिवशी पाणी जास्त हलत असेल तर सासूबाईंनी जहाजावरच राहावं आणि तुमच्यापैकी एकानं त्यांच्याजवळ थांबावं. कोणी थांबायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, तिथे ऐनवेळी नको.

आता एजंटाचं ते वाक्य, 'नाहीतरी त्या झोपूनच राहतील'. ताई, तुमच्या घरात चार रात्रींपैकी सगळ्यात जास्त तास खोलीत कोण काढणार? मुलगा नाही, तो तुम्हाला जेवायलाच काय तो सापडेल. मिस्टरही नाहीत. दुपारी गुडघे बोलू लागले की आडव्या होणार त्या सासूबाईच. ज्या माणसाला जास्तीत जास्त वेळ खोलीत काढायचा आहे, आणि ज्यानं ७२ वर्षांत समुद्र पाहिलेला नाही, त्यालाच बिनखिडकीची भिंत द्यायची? खिडकी कोणाला हा प्रश्न माझ्या मते इथेच मिटतो. पैसे कमी पडत असतील तर दुसरं काहीही कमी करा.

त्या विचारतात ना, खिडकीतून काय दिसेल? खरं ते सांगा. रात्री काहीच दिसणार नाही, काच काळी होईल. दिवसा पाणी, फक्त पाणी, किनारा दिसणार नाही. मुंबई ते लक्षद्वीप समुद्रातून साधारण ९०० किलोमीटर आहे आणि मधला एक अख्खा दिवस नुसता समुद्राचा आहे. पण अंबाझरी तलावाचं पाणी दिवसभर एका रंगाचं असतं, हे तसं नसतं. मुंबईच्या बंदरात ते गढूळ, मातकट असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतील तर गडद निळं. आणि बेटाजवळ पोचल्यावर उथळ पाण्यात हिरवट, पोपटी-निळं, तळाची वाळू दिसेल असं. कधी लहान मासे पाण्याबाहेर उडताना दिसतात, चिमण्यांचा थवा खालून जावा तसे. दिसतीलच असं वचन देऊ नका. खिडकी डाव्या बाजूची मिळाली तर घ्या. जाताना जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणजे डावी बाजू पूर्वेची. म्हाताऱ्या माणसांना पहाटे जाग येते, आणि त्या मधल्या दिवशी सूर्य त्यांच्याच खिडकीच्या बाजूनं पाण्यातून वर येईल. परतताना तीच खिडकी पश्चिमेला असेल, मावळताही तिथूनच दिसेल. डावी नाही मिळाली तर उजवीला हाच हिशोब उलटा लागू होतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

जहाज सुटतानाचा तास मात्र खोलीत घालवू नका. बॅलार्ड पिअर मुंबईच्या पूर्व अंगाला आहे, त्यामुळे बंदरातून बाहेर पडताना शहर उजव्या हाताला राहतं. गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक. संध्याकाळी सुटलात तर सूर्य त्या इमारतींच्या मागेच उतरत असेल. मधल्या लिफ्टनं मोकळ्या डेकवर जा आणि उजव्या कठड्याशी बसा. त्या वेळी तिथे फार गर्दी होते आणि सासूबाईंना उभं राहवणार नाही, तेव्हा मुलाला अर्धा तास आधी पाठवून एक खुर्ची धरून ठेवायला सांगा.